पूर आणि घरांतील स्त्रियांचें आरोग्य

कृष्णा, वारणा व पंचगंगा या नद्यांच्या कांठचा शेतकरी पुराला नवखा नाहीं. मृगाचा पाऊस जोर धरूं लागला कीं तो नदीवरील मोटार काढून उंचावर आणून ठेवतो, बियाणें व खतें माळ्यावर चढवितो, आणि प्रसंग पडल्यास जनावरें कोणत्या पाहुण्यांच्या गांवीं न्यावयाचीं हेंही मनाशीं ठरवून ठेवतो. ही दूरदृष्टि त्यास पुस्तकांनीं शिकविलेली नाहीं. वारंवार नुकसान सोसून ती त्याच्या अंगीं बाणली आहे. परंतु त्याच घरांत आठवा महिना लागलेली सून असते, नुकतीच न्हाण आलेली मुलगी असते, अंगावर पिणारें मूल घेऊन बसलेली बाळंतीण असते. आणि पुराच्या दिवसांत त्यांची व्यवस्था काय, हा प्रश्न पुष्कळ घरीं पाणी उंबऱ्याशीं आल्यावरच निघतो. मोटारीसाठीं जी तरतूद आपण आधीं करून ठेवतों ती लेकीसुनांसाठीं आयत्या वेळीं करूं पाहतों, यांतच पुष्कळशा अनर्थाचें मूळ आहे असें आम्हांस वाटतें. म्हणून पुरांत स्त्रियांच्या व मुलींच्या आरोग्यास कोठें कोठें धोका पोहोंचतो, आणि तो टाळण्यासाठीं कुटुंबप्रमुखानें व गांवानें आगाऊ काय करावें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

पुराचें स्वरूप

सांगलीस आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर आलें म्हणजे इशाऱ्याची व ४५ फुटांवर आलें म्हणजे धोक्याची पातळी समजतात. कोल्हापुरास राजाराम बंधाऱ्यावर हेच आंकडे ३९ व ४३ फूट आहेत. ऑगस्ट २०१९ मध्यें सांगलीचें पाणी ५७ फुटांवर व कोल्हापूरचें ५५ फुटांवर गेलें. कित्येक गांवांचे रस्ते दिवसचे दिवस पाण्याखालीं राहिले व पुण्याकडील महामार्गही बंद पडला. जुलै २०२१ मध्यें पुन्हां दोन्ही ठिकाणीं धोक्याची पातळी ओलांडून पाणी कित्येक फूट वर चढलें. तत्पूर्वींचा २००५ सालचा पूरही वाचकांच्या स्मरणांत असेलच.

या पुराचें एक लक्षण ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. डोंगरांतील ओढ्याप्रमाणें तो एका घटकेंत येऊन दुसऱ्या घटकेंत ओसरत नाहीं. तो पायरीपायरीनें चढतो आणि आठ-आठ दिवस हलत नाहीं. चढण्यास वेळ घेतो हा त्याचा गुण, व हलत नाहीं हा दोष. गुणाचा फायदा आधीं निघणाऱ्यास मिळतो. दोषाचा सर्व भार मागें राहणाऱ्यावर पडतो. ८ ऑगस्ट २०१९ रोजीं पलूस तालुक्यांतील ब्रह्मनाळ येथें पुरांतून लोकांस बाहेर काढणारी नाव उलटली. तींत क्षमतेपेक्षां अधिक माणसें होतीं, आणि बुडालेल्यांत स्त्रिया व लहान मुलें होतीं. अगदीं शेवटच्या वेळीं निघणें हेंच सर्वांत धोक्याचें निघणें होय, हा या दुर्घटनेचा धडा कोणींही विसरूं नये.

गरोदर स्त्रियांची गणती

आपल्या राज्यांत दर हजार लोकवस्तीस वर्षाला सुमारें पंधरा जन्म होतात. चार हजार वस्तीचें गांव घेतल्यास वर्षास साठ जन्म, म्हणजे महिन्यास पांच. गर्भारपण नऊ महिन्यांचें असल्यानें अशा गांवांत कोणत्याही दिवशीं सुमारें पंचेचाळीस स्त्रिया गरोदर असतात. पुरानें गांवास दहा दिवस वेढा घातला तर त्या मुदतींत एक किंवा दोन बाळंतपणें व्हावयाचींच. यांत नशिबाचा भाग कांहीं नाहीं. हा साधा त्रैराशिकाचा हिशेब आहे. म्हणून ज्येष्ठ महिन्याच्या आरंभींच आशा सेविकेकडून गांवांतील गरोदर स्त्रियांची यादी घ्यावी, व ज्यांचे दिवस आषाढ, श्रावण व भाद्रपद या महिन्यांत भरतात त्यांचीं नांवें वेगळीं काढावीं.

ज्या गांवास पाणी लौकर वेढतें, उदाहरणार्थ करवीर तालुक्यांतील चिखली व आंबेवाडी, किंवा कृष्णा-पंचगंगेच्या संगमाकडील शिरोळ तालुक्याचा भाग, तेथील ज्या स्त्रीचे दिवस सहा आठवड्यांच्या आंत भरणार असतील तिनें इशाऱ्याच्या पातळीची वाट पाहूं नये. संततधार लागतांच तिला उंचावरील गांवीं, व शक्य तर जेथून बाळंतपणाची सोय असलेलें रुग्णालय जवळ आहे अशा नातलगांकडे पोहोंचवावें. पहिलें बाळंतपण माहेरीं करण्याची आपली रीत आहे. ती उत्तमच आहे. परंतु माहेर नदीकांठचें असेल आणि दिवस पावसाळ्यांत भरत असतील, तर दोन्हीं घरच्या वडीलधाऱ्यांनीं एकत्र बसून त्या वर्षापुरता निराळा विचार करावा. यांत कोणाचाही मानभंग नाहीं.

सोबत द्यावयाच्या वस्तु आधींच एका मेणकापडी पिशवींत बांधून ठेवाव्यात: दवाखान्याचें तपासणीकार्ड, आधारपत्राची प्रत, महिनाभर पुरतील इतक्या लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या, रक्तदाबाचें किंवा मधुमेहाचें औषध चालू असल्यास तें, साबण, सुती कपडे, व बाळासाठीं धुतलेलीं दुपटीं. रुग्णवाहिकेसाठीं १०८ व गरोदर स्त्रिया आणि नवजात बालकांच्या वाहनासाठीं १०२ हे क्रमांक घरांतील प्रत्येकास पाठ असावेत. जिल्ह्याच्या आपत्तिनियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे. नाव मागवितांना "गरोदर बाई आहे, इतवा महिना आहे" असें स्पष्ट सांगावें, म्हणजे प्रथम कोणास काढावयाचें हें येणाऱ्या पथकास ठरवितां येतें. गुऱ्हाळाच्या काहिलींत बसवून माणसें नेण्याचा प्रघात आपल्याकडे आहे. जड पायाच्या स्त्रीस तिच्यांत कदापि बसवूं नये.

पुढील लक्षणांपैकीं एकही दिसलें तर सकाळची वाट न पाहतां मदत मागवावी: अंगावरून रक्त जाणें, डोकें अतिशय दुखून डोळ्यांपुढें अंधारी येणें, तोंडावर व हातांवर सूज, झटके, ताप, दिवस भरण्यापूर्वीं पाणी जाणें, किंवा पोटांतील मुलाची हालचाल मंदावणें.

वेढा पडलेल्या गांवांत बाळंतपण

इतकेंही करून एखादी स्त्री अडकून पडली तर आरोग्यसेविका किंवा जाणती स्त्री जवळ असावी आणि पांच गोष्टींची स्वच्छता सांभाळावी. हात साबणानें धुतलेले असावेत. खालीं अंथरलेलें कापड वा मेणकापड स्वच्छ असावें. नाळ कापण्याचें पातें नवें, कोरें असावें. नाळ बांधावयाचा दोरा उकळलेला असावा. आणि कापलेल्या नाळेस कांहींएक लावूं नये. राख, शेण, हळद, तेल यांपैकीं कांहींही नाळेवर घालणें म्हणजे धनुर्वातास आमंत्रण देणें होय. मूल कोरडें पुसून लागलींच आईच्या उघड्या छातीशीं धरावें, वर दोघांस पांघरूण घालावें, आणि तासाच्या आंत अंगावर पाजावें. पहिल्या दिवशीं मुलास न्हाऊं घालूं नये. बाळंतिणीचा रक्तस्राव थांबेना, घड्या भराभर भिजूं लागल्या, किंवा वार पडेना, तर तो प्राणावरचा प्रसंग समजून मिळेल त्या सुरक्षित नावेनें तिला रुग्णालयाकडे हलवावें.

छावणींतील पाणी, शौचकूप व उजेड

शाळेंत किंवा मंगलकार्यालयांत छावणी पडली म्हणजे पुरुषांस न दिसणारा एक त्रास सुरू होतो. शौचकूप लांब, दाराला कडी नाहीं, वाटेवर उजेड नाहीं व आजूबाजूस पुरुषांची वर्दळ, असें असलें म्हणजे स्त्रिया दिवसभर पाणीच पीत नाहींत आणि अंधार पडेपर्यंत लघवी दाबून धरतात. यापासून मूत्रमार्गास दाह होतो, ताप येतो. आणि गरोदरपणीं असा दाह अकालीं बाळंतपणास कारण होतो. दवाखान्यांत जाऊन औषध आणण्यापेक्षां दाराला कडी बसविणें हा याचा स्वस्त उपाय आहे.

छावणीचीं प्रमाणें कोणीं कल्पनेनें ठरवावयाचीं नाहींत. आपत्ति व्यवस्थापन कायदा, २००५ यास अनुसरून राष्ट्रीय प्राधिकरणानें २०१६ सालीं जीं किमान मानकें प्रसिद्ध केलीं त्यांत माणशीं साडेतीन चौरस मीटर जागा, दर तीस माणसांस एक शौचकूप, तोंही राहत्या जागेपासून ५० मीटरांच्या आंत, स्त्रिया व मुलांसाठीं स्वतंत्र शौचकूप आणि न्हाणीघर, आणि पिण्याच्या पाण्याव्यतिरिक्त स्वच्छतेसाठीं माणशीं रोज १५ लिटर पाणी असें सांगितलें आहे. छावणीच्या व्यवस्थेंत आमच्या वाचकांपैकीं पुष्कळजण असतातच. त्यांनीं हे आंकडे जवळ ठेवून मोजणी करावी. त्याखेरीज कडी, दिवा, पाण्याची बादली व झांकण असलेली कचऱ्याची टोपली या चार वस्तु प्रत्येक शौचकुपास आहेत कीं नाहींत हें रोज सायंकाळीं पाहण्याचें काम दोन स्त्रियांकडे सोंपवावें. मुलींनीं रात्रीं एकटें न जातां दोघींनीं मिळून जावें.

मासिक पाळी

हा विषय शेतकीच्या मासिकांत कशास, असें कोणी म्हणेल. परंतु संकोचानें जी गोष्ट बोलली जात नाहीं ती यादींत येत नाहीं, आणि जी यादींत येत नाहीं ती मदतीच्या गाडींतही येत नाहीं. तांदूळ, डाळ, चादरी, बिस्किटें सर्व येतें. पाळीच्या घड्या मात्र राहतात, कारण यादी करावयास बसलेले सर्व पुरुष असतात.

पाळी साधारण अठ्ठावीस दिवसांनीं येते व चार-पांच दिवस राहते. म्हणजे छावणींत पाळी येण्याच्या वयाच्या शंभर स्त्रिया असतील तर कोणत्याही दिवशीं त्यांतील पंधरा-वीस जणींस पाळी असणार. ज्या स्त्रिया घरीं सुती कापड वापरतात त्यांनीं तें साबणानें धुऊन उन्हांत वाळवावें हा नियम आहे. परंतु पुराच्या दिवसांत ऊन नसतें आणि छावणींत दोरी बांधावयास आडोसा नसतो. दमट कापड पुन्हां वापरल्यानें खाज, पुरळ व जंतुसंसर्ग होतो. म्हणून अशा काळापुरत्या तरी बाजारी घड्या पुरवाव्यात, आणि कोरडें सुती कापड व अंतर्वस्त्रेंही सोबत द्यावींत. वापरलेल्या घड्या शौचकुपांत टाकल्यास तो तुंबून सर्वांचीच गैरसोय होते. त्या कागदांत गुंडाळून झांकणाच्या टोपलींत टाकाव्यात व पाण्याच्या जागेपासून दूर खोल खड्ड्यांत पुराव्यात.

विटाळाचा आचार कोणीं घरीं कसा पाळावा याची चर्चा येथें करावयाची नाहीं. इतकेंच म्हणावयाचें कीं, संकटाच्या जागीं बाजूस बसविणें म्हणजे ओल्या व्हरांड्यांत, उजेडापासून व नळापासून दूर बसविणें होय. पाळी हा रोग नव्हे. त्या दिवसांत अन्न, पाणी, कोरडी जागा व स्नान यांची गरज कमी होत नाहीं, उलट वाढते. एखाद्या मुलीस पहिली पाळी छावणींतच आली तर ती भेदरून जाते. शिक्षिकेनें किंवा आशा सेविकेनें मोठ्या मुलींस एकत्र बसवून दोन शब्द आधींच सांगून ठेवले तर ही भीति सहज टळते.

अन्न व अंगावरचें दूध

सर्वांस वाढून उरेल तें आपण खावें ही आपल्या घरांतील स्त्रियांची संवय आहे. सुगीच्या दिवसांत तिनें निभावतें. पुराच्या दिवसांत उरत कांहींच नाहीं. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब-आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगांत रक्त कमी असल्याचें आढळलें. अशा शरीरावर दहा दिवसांची उपासमार जड जाते. छावणींत पहिली पंगत लहान मुलें, गरोदर स्त्रिया व बाळंतिणी यांची बसवावी, म्हणजे कोणास विशेष मागणी करावी लागत नाहीं.

भीतीनें व श्रमानें दूध आटलें अशी तक्रार बाळंतिणी करतात. बहुधा तें आटलेलें नसतें; आई घाबरली म्हणजे तें सुटण्यास वेळ लागतो. आईस आडोसा, पाणी व पोटभर अन्न द्यावें आणि मूल वारंवार पाजीत राहावें. सहा महिन्यांपर्यंतच्या मुलास वरचें पाणीही देऊं नये. दुधाच्या भुकटीचे डबे व बाटल्या वाटणें हें पुण्यकर्म वाटतें खरें. परंतु पुराच्या पाण्यांत कालविलेली भुकटी तान्ह्या मुलास अतिसार देते, आणि तिच्या मोफत वाटपास १९९२ च्या कायद्यानें मनाई आहे. अतिसार झाल्यास मीठसाखरेचें पाणी द्यावें: एक लिटर उकळून निवविलेलें पाणी, सपाट सहा चहाचे चमचे साखर व सपाट अर्धा चमचा मीठ. सहा महिन्यांच्या आंतील मुलास किती व कसें द्यावयाचें तें मात्र आरोग्यसेविकेस विचारावें. त्याचें अंगावरचें दूध बंद करूं नये.

पाणी ओसरल्यानंतर

खरा आजार पुष्कळदां पूर ओसरल्यावर येतो, आणि तो प्रथम घर धुणाऱ्या हातांस गांठतो. गोठा, परडें व चूल यांवरील गाळ काढणें हें काम आपल्याकडे बहुधा स्त्रिया अनवाणी करतात. त्या गाळांत उंदरांचें व गुरांचें मूत मिसळलेलें असतें. पायांस भेगा किंवा चिखल्या असल्या कीं त्यांतून लेप्टोस्पायरोसिस या तापाचे जंतु अंगांत शिरतात. २००५ च्या जुलैमधील महापुरानंतर मुंबईस या तापाची मोठी सांथ आली होती. गाळ काढतांना गुडघाबूट व रबरी हातमोजे वापरावेत. घरांत बुटांची एकच जोडी असेल तर ती गाळांत उतरणाऱ्याच्या पायांत असावी, मग ती बाई असो वा पुरुष. गरोदर स्त्रीस हें काम देऊंच नये. या तापाच्या प्रतिबंधासाठीं डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या वाटतात. त्या गरोदर स्त्रियांनीं व आठ वर्षांखालील मुलांनीं घ्यावयाच्या नसतात. म्हणून वाटणाऱ्यास आपली स्थिति सांगून निराळें औषध मागावें. लाजेनें गप्प राहूं नये. ताप, अंगदुखी व डोळ्यांस लाली आली तर त्याच दिवशीं दवाखाना गांठावा.

पुराचें पाणी शिरलेली विहीर प्रथम उपसावी. नेहमीच्या स्वच्छ विहिरीस हजार लिटरांस सुमारें अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर पुरते. तीन मीटर व्यासाच्या विहिरींत चार मीटर पाणी असेल तर तें सुमारें अठ्ठावीस हजार लिटर भरतें व त्यास सत्तर ग्रॅम पावडर लागते. पूर शिरलेल्या विहिरीस प्रमाण याहून अधिक लागतें, तें आरोग्यसेवकाकडून ठरवून घ्यावें. तोंवर पाणी उकळूनच प्यावें. अडगळींत व जळणाच्या ढिगांत साप शिरलेले असतात; काठीनें चाळविल्याखेरीज हात घालूं नये. सर्पदंश झाल्यास जखम कापूं वा चोखूं नये. तो अवयव न हलवितां रोग्यास थेट दवाखान्यांत न्यावें. गरोदर स्त्रीसही प्रतिविष देतात, तें देण्यास हरकत घेऊं नये.

मुलींची जपणूक

गर्दींत मुलगी कोणाही अनोळखी माणसाच्या हवालीं करूं नये, मग तो मदतीच्या नांवानें आलेला कां असेना. छळाचा प्रसंग आल्यास ११२, स्त्रियांसाठीं १८१ व बालकांसाठीं १०९८ या क्रमांकांवर दाद मागतां येते. दुसरें असें कीं, ऊंस कुजला, सोयाबीन वाहून गेलें, तेव्हां एक तोंड कमी व्हावें म्हणून पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीचें लग्न उरकून टाकण्याचा विचार कांहीं घरांत येतो. अठरा वर्षांपूर्वींचें लग्न २००६ च्या कायद्यानें गुन्हा आहेच. पण त्याहून महत्त्वाचें हें कीं, कोंवळ्या वयांतील गर्भारपण मुलीच्या व मुलाच्या जिवास भारी पडतें. एका हंगामाचें पीक पुढील हंगामांत भरून येतें. मुलीच्या प्रकृतीचें तसें नाहीं.

सोसायटीनें काय करावें

वरील बहुतेक गोष्टी एकट्यादुकट्या घरानें होण्यासारख्या नाहींत. म्हणून आमची सूचना अशी कीं, प्रत्येक गांवच्या सोसायटीनें व ग्रामपंचायतीनें मिळून वैशाखांतच एक बैठक घ्यावी व चार ठराव करावेत. पहिला, गरोदर स्त्रिया व बाळंतिणी यांची यादी दर पंधरवड्यास ताजी ठेवून, कोणी कोणास कोणत्या वाहनानें कोठें पोहोंचवावयाचें हें प्रत्येक नांवापुढें लिहावें. दुसरा, छावणीच्या व्यवस्थेंत निदान दोन स्त्रिया असाव्यात व त्यांच्याकडे खर्च करण्याचा अधिकार असावा. तिसरा, गांवांतील सर्वांत उंच इमारतींत एक पत्र्याची पेटी ठेवावी. तींत पाळीच्या घड्या, साबण, सुती कापड, कोरीं पातीं व दोरा, मेणकापड, विजेऱ्या, कड्या व खिळे, मीठसाखरेचीं पाकिटें, पाणी शुद्ध करण्याच्या गोळ्या आणि गुडघाबुटांच्या कांहीं जोड्या असाव्यात. चौथा, पेटीची किल्ली गांवांत राहणाऱ्या स्त्रीजवळ असावी व पेटी दरवर्षीं ज्येष्ठांत उघडून तपासावी.

या पेटीस जो खर्च येईल तो सभासदांनीं वांटून घेतल्यास प्रत्येकाच्या वांट्यास फार येणार नाहीं. नदीवरची मोटार काढण्याचा दिवस ठरविण्यास आपण बसतों, त्याच बैठकींत ही यादीही वाचून दाखवावी, एवढीच आमची सर्व शेतकरी बंधूंस विनंति आहे.